मुळशीचे पाणी, मुंबईची वीज

खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीकडे येताना डोंगराच्या अंगावरून सरळ खाली धावणारे भले मोठे लोखंडी नळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. धर्मग्रामाची सहल असो, युवकांचे शिबिर असो की खंडाळ्याच्या शांत वास्तूतील आध्यात्मिक साधनेचे तीन दिवस असोत, परतीच्या वाटेवर एखादे चौकस मूल त्या नळांकडे बोट दाखवून विचारते आणि वडीलधारे सांगतात, “टाटांची वीज!” संभाषण तिथेच संपते. त्या नळांतून काय वाहत आले आणि त्यासाठी वर घाटमाथ्यावर काय बुडाले, हे सांगायला सहलीत सवड नसते. आज ती सवड काढावी, असे एक निमित्त घडले आहे.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० सालापर्यंत मुंबई ‘निव्वळ शून्य’ कार्बनाची नगरी होईल, असा त्यात संकल्प आहे. म्हणजे हवेत जितका कर्बवायू सोडला जाईल, तितकाच झाडे, माती वा अन्य मार्गांनी परत शोषला जाईल. जमाखर्चाच्या अखेरीस बाकी शून्य. साऱ्या देशासाठी ही मुदत २०७० ची आहे. मुंबईने ती वीस वर्षे अलीकडे आणली. आराखड्यातील हिशेबाप्रमाणे २०१९ साली मुंबईने सुमारे २ कोटी ३४ लाख टन कर्बवायू आणि त्याच्या जोडीचे वायू हवेत सोडले. त्यांतील ७२ टक्के घरे, कार्यालये व कारखाने यांच्या ऊर्जेपायी, २० टक्के वाहतुकीपायी आणि ८ टक्के कचऱ्यापायी. मोठा वाटा विजेचा, आणि वीज मुख्यतः कोळशाची. तेव्हा मुंबईला कोळसा सोडावा लागेल.

संकल्प चांगला आहे. तो पार पडावा अशीच कुणाही सुजाणाची इच्छा असेल. परंतु कोळसा सोडून स्वच्छ शक्तीकडे वळण्याचा निश्चय मुंबई आज पहिल्यांदा करीत नाही. शंभर वर्षांपूर्वी तिने तो एकदा केला होता आणि बऱ्याच अंशी तडीसही नेला होता. त्याचे मोल कुणी दिले, हा या लेखाचा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालत. वाफेसाठी कोळसा लागे आणि तो एक तर बंगालमधून किंवा समुद्रापलीकडून आणावा लागे. गिरणगावावर धुराचे छत्र दिवसरात्र धरलेले असे. तो उपद्रव इतका वाढला, की १९१२ साली सरकारला मुंबईसाठी धूर-प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. जमशेटजी टाटा यांच्या मनात याहून दूरचा विचार घोळत होता. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो; ते पाणी इंद्रायणी, आंध्रा, मुळा अशा नद्यांतून पूर्वेला भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. ते माथ्यावरच अडवावे, बोगद्यांतून पश्चिमेला वळवावे आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात लोटावे. त्या प्रपाताच्या जोरावर चाके फिरवून वीज करावी आणि ती तारांनी मुंबईला न्यावी. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी १९१० साली कंपनी स्थापून हे स्वप्न पुरे केले. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत खेळू लागली, १९२२ साली भिवपुरीची.

या कर्तृत्वाला उणे लेखण्याचे कारण नाही. धूर नाही, राख नाही, परदेशी कोळशाची गुलामी नाही. आज ‘हरित ऊर्जा’ या नावाने जिचा गौरव होतो, ती मुंबईला आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीच लाभली होती. पण तिसरे धरण मुळशीला व्हायचे होते.

मुळशी पेटा म्हणजे पुण्याच्या पश्चिमेकडील, नीला आणि मुळा या नद्यांचे खोरे. आंबेमोहोर भाताचा मुलूख. तिथले कष्टकरी स्वतःला अभिमानाने मावळे म्हणवीत. धरणाच्या पाण्याखाली पन्नासाहून अधिक गावांच्या जमिनी जाणार होत्या. जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीची माणसे शेतांत चाचणीचे खड्डे खणू लागली. विरोधाची ठिणगी तिथेच पडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. बायकाही मागे राहिल्या नाहीत. नेतृत्वाला पांडुरंग महादेव बापट आले. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेला हा मनुष्य मुळशीत शेतकऱ्यांबरोबर निःशस्त्र बसला, आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना लोकांनी दिली ती याच लढ्यात. काम काही महिने थांबलेही; पण १९२१ च्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले आणि मग अटका, तुरुंगवास, पुन्हा सत्याग्रह असे चक्र तीन वर्षे फिरत राहिले.

राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साक्षेपी अभ्यास केला आणि धरणाविरुद्धचा हा जगातील पहिला लढा होय, असे त्याचे मोल ठरवले. त्यांच्या लेखनातून आणि अन्य साधनांतून जे चित्र उभे राहते, त्यात एक गोष्ट मनाला फार लागते. मुळशीच्या जमिनी कसणारे मावळे होते. पण कितीतरी जमिनींवर कागदोपत्री नाव पुण्याच्या सावकारांचे होते. कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या जमीन हातची गेलेली. नांगर मावळ्याचा, खाते सावकाराचे. सरकारने १८९४ च्या कायद्याच्या आधारे कंपनीसाठी जमिनी संपादन केल्या तेव्हा नुकसानभरपाई अर्थातच खातेदाराला मिळायची होती. त्यामुळे धरणाच्या प्रश्नावर मुळशीत सरळ सरळ दोन तट पडले. सावकारांना चांगला भाव हवा होता. तो मिळताच त्यांचा विरोध मावळला. मावळ्याला भाव नको होता, कारण भाव त्याला मिळणारच नव्हता. त्याला जमीन हवी होती. पुण्याच्या पुढाऱ्यांचा उत्साह यथावकाश का ओसरला, याचे एक कारण इथे सापडते. ते लपवण्यात अर्थ नाही.

शास्त्रपाठातील नाबोथाची गोष्ट आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. इज्रेल येथे अहाब राजाच्या वाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाल्याची बाग करायची होती. लक्षात घ्यावे की, अहाबाने आरंभी बळजबरी केली नाही. ‘याहून चांगला मळा देतो, नाही तर रोख किंमत घे,’ असे त्याने विचारले. नाबोथाने वडिलोपार्जित वतन विकायचे नाकारले आणि पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेतला. एलिया संदेष्टा राजाला जाब विचारायला त्याच मळ्यात गेला. मुळशीची कथा वाचताना हा अध्याय आठवतो खरा. पण दोहोंत एक भेद आहे आणि तो मुळशीच्या बाजूने अधिक दुःखद आहे. नाबोथाला किंमत तरी विचारली गेली. मुळशीच्या कुळाला कुणी काही विचारलेच नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने विचारण्याजोगे त्याच्यापाशी काहीच नव्हते.

१९२४ च्या अखेरीस बापटांनी रुळांवर दगड रचून आगगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजकेंद्र चालू झाले.

कसणाऱ्यालाही ‘बाधित’ म्हणून मोजावे, हे मान्य व्हायला देशाला फार काळ लागला. १८९४ चा तो कायदा स्वातंत्र्यानंतरही सहा दशकांहून अधिक काळ चालू राहिला. २०१३ साली संसदेने नवा भूसंपादन कायदा केला. त्या भागात तीन वर्षे राहून पोट भरणारे शेतमजूर, कुळे, वाटेकरी आणि कारागीर हेही बाधित कुटुंबांत गणले जातील, असे त्यात म्हटले आहे. रामनवमीच्या त्या सत्याग्रहापासून मोजले तर ब्याण्णव वर्षे होतात.

मुंबईच्या दुसऱ्या स्थित्यंतराकडे आपण सहसा या दृष्टीने पाहत नाही. ते म्हणजे गिरण्यांची धुरांडी थंड होणे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. गिरण्या बंद पडल्या त्या हवा शुद्ध करण्यासाठी नव्हे, हे उघड आहे. पण परिणाम पाहावा. कारखानदारीचे शहर कार्यालयांचे झाले, गिरणगावचा धूर गेला आणि जिथे धूर होता तिथली जमीन सोन्याची झाली. १९९१ च्या विकास नियमावलीत या जमिनीची तीन वाट्यांत विभागणी सांगितली होती: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक गृहनिर्माण मंडळाकडून व्हायच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलून ही विभागणी गिरणीतील केवळ मोकळ्या जमिनीपुरती ठेवण्यात आली आणि वाटे आक्रसले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. कामगारांसाठी घरांच्या सोडती २०१२ पासून निघू लागल्या. अर्ज लाखाच्या वर आणि घरे काही हजार. कितीकांची नावे निघाली तेव्हा घर घ्यायला त्यांचे वारसच उरले होते.

या कामगाराशी आपले एक जुने नाते आहे. गिरणीत आठवड्याची सुटी नसे. महात्मा फुले यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे झगडून १८९० साली रविवारची सुटी मिळवली. बहुजन समाजाला रविवार हवा होता तो खंडोबाचा वार म्हणून. पण त्याच सुटीने गिरणीतल्या ख्रिस्ती मजुरालाही पवित्र मिस्सेसाठी वाट मोकळी करून दिली. पुढच्याच वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी श्रमिकांच्या हक्कांविषयीचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. ती यंत्रयुगाला ख्रिस्तसभेने दिलेली साद होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख आणि गोरगरिबांचे दुःख ही एकमेकांपासून वेगळी काढता येणार नाहीत, असे प्रतिपादन केले, ते त्याच परंपरेत. योगायोगाने विद्यमान पोपमहोदयांनी लिओ हेच नाव धारण केले आहे आणि त्यामागे तेराव्या लिओंचे स्मरण असल्याचे सांगितले आहे.

मुंबईपासून आपण पश्चिम रेल्वेने उत्तरेला निघालो, की वसई मागे टाकून दीड-दोन तासांत डहाणू येते. चिकूच्या वाड्या, वारली पाडे आणि मच्छिमारांच्या वस्त्या. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी इथे ५०० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र उभे राहिले आणि १९९५ च्या सुमारास सुरू झाले. धुराने बागा करपतील, राखेने खाड्या भरतील, अशी स्थानिकांची भीती होती. ते न्यायालयात गेले. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वीजकेंद्र होऊ दिले, मात्र धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याची अट राखली. १९९६ साली न्यायालयाच्या आदेशाने डहाणूसाठी एक प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे २०१९ साली निधन होईतो त्याचे अध्यक्ष होते. ती यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला; ती चालू झाली २००७ साली. आदेश आणि अंमल यांमध्ये आठ वर्षे गेली, तरीही मुळशीशी तुलना करता डहाणूकरांच्या हाती एक गोष्ट होती: जाब विचारण्याची जागा. ज्याच्यापुढे सामान्य माणूस कागद घेऊन उभा राहू शकतो आणि ज्याचे म्हणणे कंपनीला ऐकावे लागते, असे पीठ मुळशीत असते तर भरपाईच्या यादीत कुळांची नावे कदाचित चढली असती. माझ्या मते, हवामान आराखड्यांच्या सध्याच्या काळात डहाणूच्या या प्रयोगाचा जितका विचार व्हायला हवा तितका होत नाही.

कारण कोळशाची केंद्रे उद्या बंद करायची झाली तर तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहील. कायम नोकरदाराचा हिशेब कंपनीच्या दप्तरात असतो. ठेकेदाराच्या हाताखाली राख उचलणारा, कोळशाचे डबे रिकामे करणारा, फाटकाबाहेर चहाची टपरी लावणारा कुणाच्या दप्तरात आहे? ‘न्याय्य संक्रमण’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतील तेल व रसायन कामगारांच्या चळवळीतून पुढे आला आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात त्या कल्पनेला स्थान मिळाले. हा शब्द मुळशीच्या मावळ्याने ऐकला नव्हता, पण त्याचे मागणे त्याहून निराळे नव्हते.

आता शहरातच घडत असलेले एक उदाहरण पाहू. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि पावाची भट्टीही. आज मुंबईचा पाव इराणी, मुसलमान, गोवेकर अशा अनेकांच्या हातचा आहे आणि वडापावाच्या रूपाने तो गरिबाचे जेवण झाला आहे. कित्येक भट्ट्या लाकडावर चालत. मोडक्या इमारतींच्या नि जुन्या सामानाच्या लाकडावरही चालत, आणि तो धूर आरोग्याला वाईटच. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. शेजारी राहणाऱ्या दमेकऱ्याच्या बाजूने पाहिले तर आदेश रास्त आहे. परंतु भाड्याच्या गाळ्यातील भट्टीवाल्याने नवी भट्टी कुठल्या तारणावर घ्यावी? गल्लीत गॅसची वाहिनी आली नसेल तर काय करावे? भट्टीवर राबणारा आणि तिथेच माळ्यावर झोपणारा मजूर, बेकरी बंद पडली तर काम आणि निवारा दोन्ही एकाच दिवशी गमावतो. मोठ्या हॉटेलाला सहा महिने पुरतात; लहान भट्टीवाल्याला मुदतीइतकेच भांडवल हवे असते. मुदत सर्वांना सारखी होती, हेच तिचे वैगुण्य.

सौर विजेचेही तसेच. ज्याच्या मालकीचे छप्पर आहे त्याला अनुदान मिळते आणि बिल कमी होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईत चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्यांच्या पत्र्यावर सौरपट्ट्या बसवायला पत्रा त्यांचा आहे, हे आधी कुणीतरी मान्य करावे लागेल. बसचे भाडे २०१९ साली कमीत कमी पाच रुपयांवर आणले होते, ते मे २०२५ मध्ये दुप्पट झाले. विजेवर धावणारी बस रस्त्यावर आली हे उत्तम. तिच्यात घरकामाला जाणारी बाई चढू शकते की नाही, हे भाड्यावर ठरते.

हे सारे लिहिताना आपण वसईकर नुसते प्रेक्षक आहोत, असा आव मला आणता येत नाही. हरित वसईसाठी आपण रस्त्यावर उतरलो, टँकरवाले आपल्या विहिरी उपसून नेत होते तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे आपली गावे उभी राहिली. त्यावेळी आपण बाधित होतो. आज सूर्या नदीचे पाणी आपल्या नळांना येते. तिच्यावरची धामणी आणि कवडास ही धरणे डहाणू, पालघर, विक्रमगड भागातील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून बांधली गेली होती. ते पाणी शहरांकडे वळू लागले तेव्हा त्या शेतकऱ्यांनीही मोर्चे काढले. आपल्यापैकी किती जणांना त्याची वार्ता होती? पाणी आल्याचा आनंद आपल्याला झाला, तो खोटा नव्हता. १९१५ साली गिरणीत विजेचा दिवा लागला तेव्हा मुंबईकराला झालेला आनंदही खोटा नव्हता.

शंभर वर्षांनंतर स्वच्छ विजेची वाट पुन्हा त्याच सह्याद्रीकडे वळली आहे. सूर्य मावळल्यावर सौर वीज नाही. म्हणून दिवसा मिळणाऱ्या विजेने खालचे पाणी पंपाने डोंगरावर चढवायचे आणि रात्री तेच खाली सोडून वीज करायची, अशी योजना असते. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर कंपनी आणि महाराष्ट्र शासन यांच्यात अशा दोन प्रकल्पांचा करार झाला: पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १८०० मेगावॅट आणि रायगड जिल्ह्यात भिवपुरी येथे १००० मेगावॅट. नावे ओळखीची वाटतात, कारण ती पहिल्या पर्वातलीच आहेत. मुंबईला निव्वळ शून्य गाठायचे तर असे प्रकल्प लागतीलच. या वेळी कायदा १८९४ चा नाही. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि बाधित गावात जनसुनावणी, हे शब्द २०१३ च्या कायद्यात आहेत. मोजणीदार घाटमाथ्यावरच्या वाडीत जाईल तेव्हा सातबारावर नाव नसलेला धनगर, दुसऱ्याच्या बांधावर भात लावणारी कातकरी बाई, जंगलातून मध आणि हिरडा गोळा करणारा ठाकर यांची नोंद तो कोणत्या रकान्यात करतो, आणि त्या सुनावणीची सूचना वाडीपर्यंत तिथल्या बोलीत व वेळेवर पोहोचते की नाही, हे येत्या काही वर्षांतच कळेल.